ग्यानी झैलसिंग: निष्ठा आणि नकार

२५ जुलै १९८२ रोजी ग्यानी झैलसिंग राष्ट्रपती झाले, तेव्हा या पदावर पोहोचलेले ते पहिले शीख होते. फरीदकोट संस्थानातील राजवटीविरुद्ध लढताना तुरुंगवास भोगलेल्या या नेत्याची दिल्लीतली ओळख मात्र इंदिरा गांधींचा निष्ठावान अनुयायी एवढीच होती. इंदिराजींनी सांगितले तर आपण झाडूही हाती घेऊ, हे त्यांच्या नावावर सांगितले जाणारे विधान टीकाकार आजही पुढे करतात.

जून १९८४ मध्ये सुवर्णमंदिरात लष्कर शिरले, त्या वेळी सेनादलांचे सर्वोच्च प्रमुखपद त्यांच्याकडेच होते. या कारवाईची आगाऊ कल्पना आपल्याला दिली गेली नव्हती, असे त्यांनी नंतर सांगितले. तरीही अकाल तख्ताने, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाने, त्यांना तनखैया, म्हणजे धार्मिक आचारसंहितेचे दोषी, ठरवले. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेला राष्ट्रपती ती कारवाई थांबवू शकत नव्हता हे खरे, पण राजीनामा देणे त्यांच्या हातात होते, असे अनेक शीख आजही म्हणतात. त्यांनी पद सोडले असते तर पंजाब अधिकच पेटला असता, हा समर्थकांचा युक्तिवाद आहे आणि तो सहज झटकून टाकण्याजोगा नाही. ३१ ऑक्टोबरला, इंदिराजींच्या हत्येनंतर परदेश दौरा अर्धवट सोडून ते परतले, तेव्हा एम्स रुग्णालयाजवळ खुद्द त्यांच्याच ताफ्यावर दगडफेक झाली. त्यानंतरच्या दिवसांत राजधानीत शिखांची कत्तल होत असताना राष्ट्रपती भवन ती रोखू शकले नाही. आमच्या मते, त्या दिवसांतील असहायतेपेक्षा १९८० ते १९८२ या काळातील त्यांच्या गृहमंत्रिपदाची चिकित्सा अधिक कठोरपणे व्हायला हवी, कारण अकाली दलाला शह देण्यासाठी पुढे सुवर्णमंदिरात तळ ठोकलेले सशस्त्र शीख नेते भिंद्रनवाले यांना बळ दिल्याचा आरोप त्यांच्यावर होतो आणि त्या काळात सत्ता खरोखर त्यांच्या हाती होती.

१९८६ मध्ये संसदेने टपाल कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक संमत केले. केंद्र व राज्य सरकारांना, तसेच त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यांना, नागरिकांची पत्रे अडवण्याची मुभा त्यात होती, आणि लोकसभेत राजीव गांधींच्या पाठीशी ४०० हून अधिक खासदार होते. झैलसिंग यांनी विधेयकावर सही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही; अनुच्छेद १११ मध्ये राष्ट्रपतींच्या संमतीला कालमर्यादा घातलेली नाही, याच मोकळीकीचा त्यांनी उपयोग केला. पंतप्रधान आपल्याला राज्यकारभाराची माहिती देत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती, त्यामुळे या नकारामागे रागच अधिक होता, असे काहींना वाटते. राग असेलही, परंतु सरकारने नागरिकांची खासगी पत्रे उघडण्याचा धोका त्यामुळे कमी ठरत नाही. जुलै १९८७ मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हाही विधेयक संमतीविनाच पडून होते आणि त्याचा कायदा पुढेही कधी झाला नाही.