ते अकरा सेकंद

पत्रिकेत विषय छापलाय 'आरोग्यावरचे ऑडिओ माहितीपट : एक करिअर'. त्याकडे येतेच. पण आधी अकरा सेकंदांबद्दल बोलू द्या, कारण ते अजून माझ्या मनातून जात नाहीत.

मुंबईत गोवंडीला एका मावशींकडे रेकॉर्डिंगला गेले होते. क्षयाच्या गोळ्या त्यांनी दोन महिन्यांतच सोडल्या होत्या. दहा बाय दहाची खोली आणि कोपऱ्यात घरघरणारा फ्रिज. ही घरघर एकदा आवाजाखाली बसली की नंतर नीट निघत नाही. म्हणून विचारून फ्रिज बंद करायचा आणि आपल्या गाडीची किल्ली आत ठेवायची. किल्लीशिवाय निघता येत नाही, त्यामुळे तो पुन्हा चालू करायचा राहत नाही. लिहून घ्या, कुणाचं तरी दूध नासायचं वाचेल!

विचारलं, "मावशी, गोळ्या का सोडल्यात?"

मावशी गप्प. हातातल्या स्टीलच्या डब्याचं झाकण उघडलं, लावलं, परत उघडलं. अकरा सेकंद. मग म्हणाल्या, "लघवी लाल व्हायची गं. कामाच्या घरी कुणी बघितलं असतं तर?"

क्षयाच्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन या औषधानं लघवी लालसर-नारिंगी होते. त्यात अपाय काही नाही. पण हे त्यांना पहिल्या दिवशी कुणी सांगितलंच नव्हतं. त्या एका वाक्यावाचून सहा महिन्यांचा उपचार मोडला.

ज्या कंपनीसाठी मी हा माहितीपट करत होते, तिथल्या संपादकानं ते अकरा सेकंद कापले. "शांतता आली की लोक पुढे सरकवतात," म्हणाला. आता प्रश्न आला की लगेच उत्तर. शब्द एकही बदलला नाही आणि बाई बेफिकीर ठरली. मला याचा आजही राग येतो.

लेनेक या फ्रेंच डॉक्टरनं १८१६ साली पॅरिसमध्ये कागदाची सुरळी रुग्ण बाईच्या छातीला लावली, तिथून स्टेथोस्कोप आला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं, ज्यांना फार आकडे मोजता येत नव्हते अशा दायांसाठी, मणी सरकवत बाळाचे श्वास मोजायचं साधन केलं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त झाले, तर तो धोक्याचा इशारा. वैद्यक असं कान देऊन ऐकतं, आणि आपण श्वास कापून टाकायचे?

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर, करिअर. पूर्णवेळ नोकऱ्या मोजक्या आहेत. मी अनुवाद आणि निवेदन करून घर चालवत आले. शोधनिबंध वाचायला शिका. 'धोका दुप्पट' अशी बातमी आली की विचारा, किती जणांत किती? १०,००० जणांत एकाचे दोन झाले तरी ते दुप्पटच. वैद्यकीय तपशील त्या विषयाच्या डॉक्टरकडून तपासून घ्या. निघण्यापूर्वी खोलीतली नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड करा, संकलनात सांधे झाकायला ती लागते. आणि संमती दोनदा घ्या, रेकॉर्डिंगआधी आणि जोडलेला भाग ऐकवून पुन्हा. नाव बदललं तरी गल्लीतली माणसं आवाज ओळखतात.

मावशींना मी तो भाग माझ्या हेडफोनवर ऐकवला होता, कंपनीकडे जाण्याआधी, अकरा सेकंदांसकट. त्या म्हणाल्या, "गप्प बसले ते राहू दे. सुनेचं नाव आलंय, तेवढं काढ."

तेवढंच मी काढलं होतं.