टीबी, सॅनेटोरियम आणि चिठ्ठीचा कौल

घरात कुणाला टीबी झाला की पूर्वी पहिली धावपळ सॅनेटोरियममधल्या, म्हणजे क्षयरुग्णांच्या खास रुग्णालयातल्या, खाटेसाठी असायची. मोकळी हवा, सक्तीची विश्रांती, दूध-अंडी. मिरज, पाचगणीला माणसं महिनोन्‌महिने पडून राहत. पुढे गुणकारी औषधं आली, तरी सॅनेटोरियमशिवाय क्षय बरा होतो यावर विश्वास बसणं अवघड होतं. आणि देशात रुग्ण लाखोंनी, खाटा मात्र मूठभर.

मग औषधं घरीच दिली तर? दाटीवाटीच्या खोल्यांत, अर्धपोटी राहणाऱ्या माणसांना ती लागू पडतील?

१९५६ साली मद्रासमध्ये हे तपासायला सुरुवात झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर), मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल एकत्र आले. १९३ रुग्ण. औषधं दोन्हीकडे तीच, आयसोनियाझिड आणि पॅस, वर्षभर. घरी कोण आणि सॅनेटोरियममध्ये कोण, हे मात्र डॉक्टरांनी ठरवायचं नाही. ते चिठ्ठी टाकल्यासारखं, निव्वळ योगायोगावर सोडलेलं.

ऐकायला हे निर्दय वाटतं. पण डॉक्टरांवर सोपवलं असतं, तर जास्त खंगलेला रुग्ण त्यांनी कळवळ्यानं सॅनेटोरियममध्येच धाडला असता. वर्षाअखेर तिथले आकडे वाईट दिसले असते, आणि दोष आजाराचा की उपचाराचा, हे कुणालाच सांगता आलं नसतं. योगायोगानं वाटणी केली की दोन्ही गट साधारण सारखे होतात. ज्या गोष्टी मोजायचं कुणाला सुचलंही नाही, त्यांच्या बाबतीतसुद्धा.

१९५९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. सॅनेटोरियममधल्यांचं वजन जास्त वाढलं होतं, जेवणच तसं होतं. पण आजार शमला तो तिथे ९२ टक्के रुग्णांचा, आणि घरी ८६ टक्के. एवढाच फरक! घरच्या माणसांना लागण वाढेल ही भीती होती, म्हणून त्यांच्यावर पुढे पाच वर्षं नजर ठेवली गेली. तीही भीती खरी ठरली नाही.

१९६२ च्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा पाया यातूनच घातला गेला. घर न सोडता बरं होण्याची वाट गरिबाला मिळाली ती या चाचणीमुळे, असं मी ठामपणे म्हणेन.

मग अन्नाला महत्त्वच नाही का? मद्रासला तो प्रश्न विचारलाच नव्हता. औषध चालू असताना बरं व्हायला सॅनेटोरियम लागतं का, एवढंच पाहिलं होतं. वेगळा प्रश्न पुढे झारखंडमध्ये विचारला गेला : रुग्णाच्या घरातल्या बाकीच्यांना टीबी होऊ नये म्हणून शिधा द्यावा का? मद्रासची चाचणी ज्या केंद्रात झाली, त्यातून उभी राहिलेली संस्थाही यात होती. दहा हजारांहून अधिक कुटुंबीय, पुन्हा योगायोगानंच वाटलेले गट. एका गटाला दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. २०२३ मध्ये निकाल आला : शिधा मिळालेल्या घरांत नव्या टीबीचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होतं.