सेन्सरला वाटतं, गाडी भरली आहे

नागपुरातून अमरावती रोडने बाहेर पडलं की वाडी लागते. गोदामं, ट्रान्सपोर्टची ऑफिसं आणि मधेमधे गॅरेजं. त्यातल्याच एका गॅरेजात हा पिकअप उभा आहे. मालकाने हौसेने २ इंच खाली बसवून घेतलेला. दिसतोही झोकात. तक्रार एकच : "बल्ब बदलले भाऊ, तरी रात्री लांबचं दिसून नाही राहिलं."

मिस्त्री बल्बकडे बघतही नाही. सरळ मागच्या एक्सलखाली शिरतो.

चेसिसवरची ही काळी डबी म्हणजे हाइट सेन्सर. तिचा छोटा हात बारीक दांडीने एक्सलला जोडलेला असतो. माल भरला की चेसिस खाली येते, दांडी हाताला वर ढकलते. मागचं बूड बसलं म्हणजे नाक वर झालं, असा हिशेब करून कॉम्प्युटर हेडलाइट खाली झुकवतो. समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून. आता गाडी कायमचीच खाली आली. हौदा रिकामा, पण सेन्सरच्या लेखी माल भरलेला.

एअर सस्पेन्शनच्या गाडीत तर फुग्यांत हवा भरून ती पुन्हा वर उचलायला कॉम्प्रेसर धावत सुटतो. नागपूरचा मे महिना, पारा ४५ अंशांवर; त्यात तो किती तग धरणार?

इलाज दांडीतच आहे. गाडी सपाट फरशीवर, टायरची हवा बरोबर, हौदा रिकामा. दोनचार वेळा दाबून गाडीला तिच्या जागी बसू द्यायचं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही कोपरे मोजायचे. मग आटे असलेली, कमीजास्त होणारी दांडी लावून ती आखूड करत जायची, हात मूळच्या कोनात येईपर्यंत. असे सेन्सर बहुधा ५ व्होल्टवर चालतात. खाली बसवण्याआधी सिग्नलचा आकडा टिपून ठेवला असेल, तर मल्टीमीटरवर तोच परत आणायचा. हा आकडा फार कमी लोक टिपतात.

इथेच थांबलं तर फसगत होते. जॅक लावून चाक पूर्ण लटकू द्यायचं. हात आणि दांडी एका रेषेत आले, तर चाक परत वर येताना हात उलटा पलटू शकतो. मग गाडी बसली तरी सेन्सर उठल्याचं सांगतो. चाक वर दाबूनही बघायचं, हात कुठे अडत नाही ना.

स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र, शेवटी. नुसत्या स्कॅनरने नवी उंची 'शून्य' म्हणून नोंदवता येते, पण हात आधीच एका टोकाकडे गेलेला असतो. खरा माल भरला की त्याला सरकायला जागा उरत नाही.

सेन्सर नसलेल्या जुन्या पिकअपवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. एक्सलपासची तशीच दांडी तिथे अनेकदा ब्रेकच्या लोड व्हॉल्व्हची असते; मालाच्या वजनाप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब तो ठरवतो. ती तशीच सोडली, तर रिकाम्या गाडीत मागच्या ब्रेकला जास्त दाब जातो आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं जाम होतात. आरटीओचा प्रश्न निराळाच. गाडीतल्या बदलांसाठी १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे.

पावसाळ्यानंतर मात्र गाडी एकदा पुन्हा खाली वाकून बघावी. विदर्भातली काळी माती दांडीच्या सांध्यात भरून सुकली, की हात जिथल्या तिथे अडकतो.