आधी फ्लुइड, मग पॅड

(दृश्य: इंदूर, देवास नाक्याजवळचं गॅरेज. जॅकवर चढवलेली निळी स्पोर्ट्स कार, पुढची चाकं काढलेली.)

ही ब्रेकची डिस्क बघा. कडेला निळसर झाक आहे. लोखंड सणकून तापलं की असा रंग चढतो. विजयनगर ते राजवाडा एवढ्या फेऱ्यांत तो कधी चढला नसता. ही गाडी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किट या शर्यतीच्या ट्रॅकवर जाऊन आली आहे. तिथे तिसऱ्या आणि चौथ्या वळणाच्या मध्ये एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टी आहे, आणि तिच्या टोकाला दर फेरीत ब्रेकवर जवळजवळ उभंच राहावं लागतं. आपल्या शेजारी, पीथमपूरला, नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक आहे, २०२१मध्ये सुरू झालेला. पण तो सलग वेगासाठी बांधलाय. वळणं कललेली, त्यामुळे ब्रेकचा असा कस तिथे लागत नाही.

दीड टनाची गाडी ताशी १६० किलोमीटरवरून थांबवली, तर जवळपास १५ लाख जूल ऊर्जेची उष्णता होते. चार लिटर गार पाण्याला उकळी फुटेल एवढी. ब्रेक लावताना वजन पुढे झुकतं, म्हणून तिचा मोठा वाटा या दोन डिस्कच्या माथी येतो.

(दृश्य: कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कला पॅडच्या चिमटीत धरणाऱ्या भागाच्या, फ्लुइड सोडायच्या निपलला लावलेली पारदर्शक नळी, खाली बाटली.)

गॅरेजात येणारे बरेच जण आधी मोठ्या लाल कॅलिपरची चौकशी करतात. चाकाआडून दिसतात, फोटोत उठून दिसतात. आमचं ठाम म्हणणं आहे: पैसा आधी ब्रेक फ्लुइडमध्ये, म्हणजे पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणाऱ्या द्रवात, घाला.

आत बसलेला भाचा पेडल दाबतो. मामा निपल सैल करतात. “धरून ठेव… अजून… आता सोड.” ‘सोड’ म्हणण्याआधी निपल परत आवळलेलं असतं, नाहीतर हवा उलट आत ओढली जाते. नळीत बघा, आधी तपकिरी फ्लुइड, मध्येच बारीक बुडबुडे, आणि मग स्वच्छ, फिकट पिवळं.

ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रतीचं नवं फ्लुइड किमान २३० अंशांपर्यंत तग धरतं. पाणी मुरलं की ही हमी १५५ अंशांवर येते. ते उकळलं की आत वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल सरळ तळाला जातं. डॉट ५.१ घेतलं तर नव्याला २६०, मुरलेल्याला १८०. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, निराळंच. या गाडीत ते घालायचं नाही.

पेडल कडक आहे, पण गाडी थांबत नाही? मग दोष फ्लुइडचा नाही, पॅडनं हात टेकलेत.

(दृश्य: टेबलावर शेजारी शेजारी दोन पॅड.)

डावीकडचा रस्त्याचा, उजवीकडचा ट्रॅकचा. ट्रॅकचा पॅड प्रचंड उष्णता सोसतो, पण तापल्याशिवाय नीट पकडत नाही. सकाळी पलासिया चौकात समोर स्कूटर आडवी आली, तर गार पॅड उपयोगाचा नाही. म्हणून ट्रॅकचे पॅड ट्रॅकच्या दिवशीच चढवायचे.

(दृश्य: पहाट, सुपर कॉरिडॉर.)

नवे पॅड बसवल्यावर हे करावंच लागतं. रिकाम्या रस्त्यावर साठच्या वेगावरून वीसपर्यंत यायचं, पुन्हा वेग घ्यायचा, पुन्हा दाबायचं. पूर्ण थांबायचं नाही. पॅडचा पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसला पाहिजे. तापल्यावर पेडल दाबून उभे राहिलात, तर एकाच जागी डाग पडतो आणि पुढे स्टिअरिंग थरथरतं. शेवटी ब्रेक न लावता नुसतं चालवत गार करायचं.



(दृश्य: जाळीदार पोलादी ब्रेक होज, त्यानंतर बंपरमागून डिस्ककडे नेलेली हवेची नळी.)

यानंतर होज, म्हणजे फ्लुइड चाकाकडे नेणारी लवचीक नळी. रबरी होज दाबाखाली किंचित फुगतो, पोलादी जाळीचा फुगत नाही, पेडल टणक लागतं. मग डिस्ककडे गार हवा. कॅलिपर सर्वांत शेवटी, आणि तेही पुढच्या-मागच्या ब्रेकचं प्रमाण तपासून. नुसतेच पुढे मोठे बसवले, तर पुढची चाकं लवकर लॉक होतात, मागचे ब्रेक नुसते नावाला उरतात आणि थांबायचं अंतर उलट वाढतं. गाडीत मूळ रचनेपेक्षा मोठा बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाचा, आणि विमा कंपनीला विचारा.