सेकंदाला दहा ठोके

लंडन, 1909. रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेच्या कार्यक्रमात जिमी नावाचा बुलडॉग उभा आहे, पंजे मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत. भांड्यांतून तारा निघाल्यात त्या हृदयाची वीज टिपणाऱ्या यंत्राकडे. जिमीचे मालक, शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्टस वॉलर, पाहुण्यांना हृदयातली वीज दाखवताहेत. हा मुक्या जनावराचा छळ नव्हे का, असा प्रश्न थेट ब्रिटिश संसदेत विचारला गेला. गृहमंत्री ग्लॅडस्टन यांनी खुलासा केला: पाण्यात थोडं मीठ होतं, एवढंच.

जिमीचा मोठा गुण म्हणजे तो शांत उभा राहायचा. आज प्रयोगशाळेत हृदयाचा असाच आलेख काढायचाय तो या पांढऱ्या उंदराचा, आणि हा काही तसा राहणार नाही.

याचं वजन 25 ग्रॅमच्या आसपास. हृदय ग्रॅमच्या आठव्या हिश्श्याएवढं. आणि ठोके? मिनिटाला 600च्या घरात, सेकंदाला दहा. दवाखान्यातल्या ईसीजीचा, म्हणजे हृदयाच्या विजेच्या आलेखाचा, कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो, म्हणजे उंदराचा अख्खा ठोका अडीच मिलिमीटरमध्ये आटपला! त्या गिचमिडीतून काय वाचणार? म्हणून इथे संगणक सेकंदाला हजार-दोन हजार वेळा नोंद घेतो.

सोपा मार्ग भूल देण्याचा. आयसोफ्लुरेन हुंगवायचं, उंदराला उताणं ठेवायचं, पायांच्या कातडीखाली बारीक सुया सरकवायच्या. पण भुलेनं ठोके मंदावतात. त्यात एवढासा जीव बघता बघता गार पडतो, आणि गार पडला की हृदय आणखी रेंगाळतं. म्हणून खाली ही गरम गादी. आलेख सुबक येतो खरा, पण तो भुलेतल्या हृदयाचा.

बरं, जागेपणी हातात धरावं, तर घाबरून ठोके वाढतात.

मग काही प्रयोगशाळा शस्त्रक्रिया करून छोटा प्रक्षेपक (ट्रान्समीटर) अंगात बसवतात. जखम भरू देतात. त्यानंतर उंदीर आपल्या पिंजऱ्यात खातो, झोपतो, रात्री हुंदडतो, आणि हृदयाची खबर बिनतारी येत राहते.

एवढं करूनही उंदीर म्हणजे छोटा माणूस नव्हे. ॲलर्जीवरचं टर्फेनाडिन 1990च्या दशकात अमेरिकेच्या बाजारातून गेलं, कारण काही रुग्णांच्या हृदयाची लय त्यानं जीवघेणी बिघडवली. हे औषध हृदयपेशींतली पोटॅशियमची जी वाट अडवतं, तिच्यावर पूर्ण वाढलेल्या उंदराचं हृदय फारसं विसंबूनच नसतं. असा धोका त्याच्या आलेखात शोधणं म्हणजे चुकीच्या दारावर थाप मारणं. त्यासाठी गिनीपिग किंवा ससा बरा.

आता हे शेवटचं उपकरण बघा. एक छोटा चौथरा, त्यावर वीज टिपणाऱ्या इलेक्ट्रोडच्या पट्ट्या. सुई नाही, भूल नाही. पंजे पट्ट्यांवर टेकले की नोंद सुरू. जिमीचीच युक्ती, फक्त भांडी गेली.

उंदीर हुंगत फिरतो. पडद्यावर नुसता गोंधळ. मग तो मिशा हलवत क्षणभर थबकतो. दोन सेकंद. वीस स्वच्छ ठोके.

आणि गेला पळून.