77 गुण बाकी

फेब्रुवारी 1951. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या वायएमसीएतली एक खोली. पोलीस ड्रॉवर ओढून बाहेर काढतात. मागच्या बाजूला चिकटपट्टीने डकवलेलं एक पाकीट. आत 5,500 डॉलर.

खोली शर्मन व्हाइटची. वय 22, उंची सहा फूट आठ इंच, लाँग आयलंड विद्यापीठाचा हुकमी खेळाडू. त्या मोसमात सामन्यामागे सरासरी 27.7 गुण, अख्ख्या अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये त्याच्या पुढे कुणी नव्हतं. आदल्या वर्षी जॉन मार्शल कॉलेजविरुद्ध एकट्याने 63 केले होते. कारकिर्दीतल्या एकूण गुणांचा विक्रम आता फक्त 77 गुण दूर होता. म्हणजे जेमतेम तीन सामन्यांचं काम.

मग हा पठ्ठ्या पैसे घेऊन मुद्दाम हरायचा का? तसं नाही. खरी गोम इथेच आहे. बलाढ्य संघ जिंकणार हे सगळ्यांनाच ठाऊक, त्यावर पैज कोण लावणार? म्हणून बुकी फरकावर पैसे घ्यायचे. समजा, फरक ठरलाय दहाचा. तुम्ही जिंका, खुशाल जिंका, पण सातने जिंका. म्हणजे समोरच्या संघावर पैसे लावणाऱ्याची पैज लागते. एखादा सोपा बास्केट हुकवायचा, बचावात अर्धं पाऊल उशिरा टाकायचं. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या भल्यामोठ्या स्टेडियममध्ये टाळ्या पडतात, घरचेही खूश. सर्वात जास्त गुण काढणाऱ्याला पैसे मिळत होते ते गुण न काढण्याचे!

पैसे साल्वातोरे सोलाझो नावाच्या जवाहिऱ्याचे. मध्यस्थ एडी गार्ड, लाँग आयलंडचाच खेळाडू.

बिंग फुटायला सुरुवात झाली ती दुसऱ्याच कॉलेजात. मॅनहॅटन कॉलेजच्या ज्युनियस केलॉगने 1,000 डॉलरची लाच नाकारली आणि थेट प्रशिक्षकाला सांगितलं. पुढे एकेक धागा सुटत गेला: सात कॉलेजं, 32 खेळाडू, 86 सामने.

शर्मनला एक वर्षाची शिक्षा झाली. रायकर्स आयलंडच्या तुरुंगात त्याने जवळपास नऊ महिने काढले. चूक त्याचीच होती, वाद नाही. पण खच्चून भरलेल्या गार्डनच्या तिकीटविक्रीतला एक डॉलरही या पोरांच्या वाट्याला येत नव्हता, हेही तितकंच खरं.

एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे दरवाजे कायमचे बंद झाले. शर्मन शनिवार-रविवारी ईस्टर्न लीगमध्ये छोट्या गावांतल्या हॉलमध्ये खेळत राहिला.

आणि एनबीएतल्या न्यूयॉर्कच्या ज्या निक्स संघाकडे तो जाणार असं सगळे धरून चालले होते, तो संघ 1951, 1952 आणि 1953 अशी सलग तीन वर्षं अंतिम फेरीत हरला. पहिल्या दोन वेळी तर सातव्या, निर्णायक सामन्यात.