धरणाच्या काठी, दिवे मालवून

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिना सरत आला की आमच्याकडे ओळखीपाळखीच्यांचे फोन सुरू होतात. भंडारदऱ्याला काजवे बघायला जायचंय, तंबूत राहायचंय, काय काय नेऊ? मी आधी उलटं विचारते, तंबू कुठे ठोकणार? पांघरुणं, पाण्याच्या बाटल्या, सुक्या खाऊचे डबे हे तुम्ही घरी बसून ठरवाल, ते मी सांगायला नको. जागा मात्र तिथे गेल्यावर ठरते. संध्याकाळ होत आलेली असते, पोरं दमलेली असतात आणि समोरचं पाणी बघून माणूस भुलतो.

म्हणून पहिली गोष्ट नीट ऐका. तंबू पाण्यापाशी ठोकायचा नाही. पाणी दिसेल अशा जागी ठोका, पण पाण्यापाशी नाही.

हे धरण प्रवरा नदीवर आहे, 1926 साली पुरं झालेलं. जुन्या कागदपत्रांत धरणाचं नाव विल्सन आणि तलावाचं आर्थर. काठावरच्या गावांत मी तरी ही नावं कुणाच्या तोंडून ऐकली नाहीत. तिथली माणसं नुसतं 'धरण' म्हणतात, आणि मला तेच योग्य वाटतं. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांनी ठेवलेलं नाव खरं.

तर हे धरण भरलं म्हणजे 11 टीएमसी, म्हणजे 11 अब्ज घनफूट पाणी मावतं. उन्हाळ्यात खालच्या शेतांसाठी आवर्तनं सुटतात, पाणी मागे मागे सरतं आणि मागे उरतो गाळ. वरून वाळलेला, सपाट, अंगणासारखा दिसणारा. आम्ही त्यालाच भुललो होतो.

सात-आठ वर्षं झाली असतील. आम्ही दोघं, माझी नणंद आणि तिचा नऊ वर्षांचा मुलगा. रतनवाडीच्या वाटेवरच्या एका गावात, एका मावशींच्या परसात राहायचं ठरलं होतं. घराच्या मागे उंच जुना हिरडा, खाली करवंदीच्या जाळ्या, आणि जाळ्या संपल्या की उघडा गाळ. आम्ही म्हटलं, परसात कशाला, खाली पाण्याशीच ठोकू. मावशी उंबऱ्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "बाई, ती जागा पाण्याची हाये. पाणी जरा पुढं गेलंय, येईल माघारी." आम्हाला वाटलं, ते तर पावसाळ्यात. आज रात्री काय होणार?

अंधार पडल्यावर काजवे दिसले, पण दहा-वीस इथे, पाच-सहा तिथे. पलीकडे एका मोठ्या मुक्कामाच्या जागी खांबांवर दिवे होते, गाणी लागली होती. भाचा हिरमुसला. त्याच्या मनात झाडच्या झाड पेटलेलं होतं.

रात्री दहाच्या सुमाराला रतनगडाच्या बाजूला वीज चमकली. मग वारा आला. धरणावरून मोकळा सुटलेला वारा, मध्ये अडवायला एक झुडूप नाही. वाळलेल्या गाळात खुंट्या धरतच नाहीत. पिठात काडी खोचावी तशा त्या उभ्या असतात. पहिली खुंटी सुटली ती दोरीसकट कापडावर फटफट आपटायला लागली, मग दुसरी, आणि तंबू आमच्यासकट कलला. तेवढ्यात वळीव कोसळला. पाचच मिनिटांत खालच्या गाळाचा चिकट काला झाला. भाच्याचा पाय घोट्यापर्यंत रुतला, ओढून काढला तर पाय वर आला आणि चप्पल आतच राहिली. मी त्याला काखेत धरलं, पण माझाच पाय निघेना. त्या क्षणी मला खरोखर भीती वाटली.

वरून बॅटरीचा उजेड आला. मावशींचा मुलगा डोक्यावर घोंगडी घेऊन उतरत होता. त्याने हात दिला नाही, घोंगडीचं टोक टाकलं, म्हणाला, हे घट्ट धरा आणि मागं बघू नका. एकेकाला त्याने तसं वर काढलं. पडवीत एका बाजूला शेळ्या, दुसऱ्या बाजूला आम्ही. चूल पेटली, कोरा चहा झाला. ओल्या घोंगडीलाही ऊब असते, हे त्या रात्री कळलं. बाजारातल्या झुळझुळीत झोपायच्या पिशव्यांपेक्षा मी आजही घोंगडीच नेते, आणि तुम्हीही न्या असं आग्रहाने सांगते.

गावातली वीज गेली होती. पलीकडचे खांबांवरचे दिवेही गेले, गाणी थांबली. साडेबाराच्या पुढे पाऊस उघडला. मावशी मागच्या दारातून म्हणाल्या, "पोराला भाईर आणा. बत्ती नका आणू."

आम्ही बाहेर आलो तेव्हा आधी काहीच दिसेना. मग हिरड्याची खालची एक फांदी उजळली. तिच्या वरची उजळली. उजेड पायरी पायरीने चढत शेंड्याला गेला, सगळं झाड खोडासकट दिसलं आणि एकदम विझलं. पुन्हा खालून सुरुवात. कुणी बोलेना, फक्त पागोळ्यांचा आवाज. एक काजवा भाच्याच्या ओल्या बाहीवर बसला. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. पोटाच्या टोकाशी हिरवट पिवळा ठिपका उजळला की शर्टाचं बटण दिसायचं, बटणाची चारही भोकं दिसायची, विझला की काही नाही. त्याने श्वास रोखून धरला होता. मग हळूच म्हणाला, "मामी, ह्याला उजेड आहे, पण चटका नाही."

बरोबर बोलला पोरगा. काजव्याच्या अंगातल्या रसायनाचा प्राणवायूशी संयोग होऊन तो उजेड पडतो आणि त्यात उष्णता जवळजवळ नसते. पण तो उजेड आपल्यासाठी नसतो. नर उजेडाने साद घालतो, मादी उजेडाने उत्तर देते. त्यांचं बोलणंच ते. पूर्ण वाढ झाल्यावर त्यांच्या हातात मोजके दिवस, फार तर दोन-तीन आठवडे. त्याआधी बराच काळ अळीच्या रूपात ओल्या पाचोळ्यात गोगलगायी खाऊन काढलेला असतो. त्या मोजक्या रात्रींत आपण गाडीचे दिवे, मोबाईलचे झोत झाडावर मारतो आणि त्यांची साद पुसून टाकतो. झाडाखालचा पाचोळा तुडवतो, तिथेच पुढची पिढी असते.

म्हणून दुसरी गोष्ट. दिवे मालवा. पुन्हा सांगते, दिवे मालवा. बॅटरी लागलीच तर पायांपुरती, जमिनीकडे. झाडावर झोत नाही, फोटो नाही.

आणि गाणी तर नकोतच. जंगलात कर्णा लावायला माझा ठाम विरोध आहे. आपल्याकडे लग्नातही तो एवढा मोठा लावू नये असं माझं मत आहे, पण तो आजचा विषय नाही.

बाकी थोडक्यात. सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा नाक्यावर पावती घ्या, वनखात्याच्या वेळा पाळा, आणि मनाला येईल तिथे तंबू ठोकू नका. गावातल्या घरधन्याच्या जागेत राहा आणि जेवण त्याच घरचं घ्या. अकोले तालुक्यातला काळभात, म्हणजे तिथला सुवासिक तांदूळ, मिळाला तर सोडू नका. वळवाच्या दिवसांत एकट्या झाडाखाली तंबू नको, वीज कडाडली की सरळ घरात जा. रात्री पाण्यात उतरायचं नाही, गुडघाभरही नाही. आणि धरणाची खरी कड ओळखायची तर झाडं बघा. जिथून करवंदीची जाळी सुरू होते, तिथे काठ. त्याच्या खालचं सगळं पाण्याचं.

सकाळी तंबू मिळाला, खुंट्या मिळाल्या. चप्पल मात्र मिळाली नाही. भाच्याने बाजूच्या दगडावर खडूने खूण केली, पुढच्या वेळी शोधायला. ऑगस्टात मावशींचा फोन आला. म्हणाल्या, "पोराला सांगा, पाणी आलंय माघारी. खुणेचा दगड आता दिसत नाही, करवंदीला लागलंय."